काचेवर हात ठेवा

हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. आत संगणक होता, आणि पायताणातून व्हायरस शिरतो यावर तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास होता. थंडगार खोलीत काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती. शेजारी टाय लावलेले संगणकमहर्षी उभे होते.

"काचेवर हात ठेवा. शंका मनात आणू नका, मेमरी कमी आहे."

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हात ठेवला. हातावरची लव ताठ उभी राहिली. मागच्या रांगेने श्वास रोखला. महर्षींनी कळ दाबली, डब्याने कर्रकर्र करत फ्लॉपी चघळली आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. महर्षींनी तिचं मराठी करून सांगितलं: रक्तातली साखर गेली, औषध नको.

अक्काने त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं. मी रागावलो, विनवण्या केल्या, मेव्हण्यांना मध्ये घातलं. ते स्वतःच गुडघ्यांसाठी रांग धरून आले होते. अक्काचं एकच पालुपद: "माणूस खोटं बोलेल रे. यंत्राला काय पडलंय?"

तिचं तोंड कोरडं पडू लागलं, चकरा येऊ लागल्या, तेव्हा मी तिच्या डॉक्टरांना गाठलं. ते आमच्याबरोबर हॉलवर आले. पाळी येताच त्यांनी बॅगेतून स्वतःचा बूट काढून काचेला टेकवला. महर्षींनी कळ दाबली. पडद्यावरच्या ओळीप्रमाणे बुटाचा संधिवात महिन्याभरात बरा होणार होता.

"बुटातही तुमचीच ऊर्जा आहे, डॉक्टर," महर्षी म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

डॉक्टरांनी बूट हलवलाच नाही. पुन्हा कळ दाबा म्हणाले. लोकांनाही गंमत वाटू लागली होती, त्यामुळे महर्षींना दाबावी लागली. बुटाचा दमा गेला, मोतीबिंदू गेला, साखर गेली, मूळव्याध गेली. आणि संधिवात परत आला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फ्लॉपीत पाचच ओळी आहेत, त्या पाळीपाळीने येतात. समोर कोण आहे हे डब्याला ठाऊकच नसतं. लव उभी राहते ती काचेवरच्या स्थिर विजेने. घरच्या टीव्हीपुढे हात धरा, तिथेही राहील.

झालं काम, असं मला वाटलं.

मग लोक हलले, पण दाराकडे नाही. बोटांवर मोजत, ज्याच्या त्याच्या आजाराची ओळ जिथे पडेल त्या जागी उभे राहू लागले. दमेकऱ्यांची आपसांत जुंपली. महर्षी रांग नीट लावून देऊ लागले. अक्काने डॉक्टरांना हळूच विचारलं, "साखर चौथी ना हो?"

मी तिचा हात धरला. तो सोडवून घेऊन ती मोजत मोजत रांगेत गेली.

पुढे इस्पितळात तिच्या खाटेशी बसून मी सांगत राहिलो की यंत्र माणसाने भरलेलंच बोलतं. म्हणून आधी विचारावं, भरलं कोणी, पडताळलं कोणी, आणि चुकलं तर भोगणार कोण. सलाइनचे थेंब पडत होते. तिने सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "एक बाई मध्ये घुसली, तिला मी बोलले नाही. माझी ओळ तिला गेली."