अर्धी डहाळी

“ताई, ढिगाकडून नेऊ का सरळ?” जंगल सफारीच्या जिप्सीचा वेग कमी करत लोकेशनं विचारलं.

“ढिगाकडूनच घे. डहाळी आणली हाये,” करिश्मा म्हणाली.

मागच्या सीटवर एक परदेशी बाई मोठा कॅमेरा सांभाळत बसली होती. गाईड असून करिश्माचं इंग्रजी तसं बेताचंच; पण एक शब्द मात्र पक्का होता. गाईडांच्या वर्गात नूतन मॅडम म्हणाल्या होत्या, एक ‘टेक’ पाठ करा, अर्धं काम भागेल. फोटो काढायचा तरी टेक, डावीकडे वळायचं तरी टेक, वेळ लागला तरी टेक अन् औषध घेतलं तरी टेकच. करिश्माला हसू आवरेना. “मॅडम, शब्द पावशेराचा अन् काम खंडीभर करून राह्यला हा.” मग मॅडम सहज बोलून गेल्या की जीव घेणं, उचलून नेणं, तेही टेकच. त्यानंतर ती हसली नाही.

वळणावर दगड-काटक्यांचा ढीग होता. मोहफुलं वेचायला आलेल्या तिच्या बापाला, झिंगूला, वाघानं नेलं ती ही जागा. येणाराजाणारा त्याच्या नावानं तिथं एक दगड नाहीतर डहाळी टाकतो. जंगलात काही तोडायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. म्हणून करिश्मा आपल्या परसातली पळसाची डहाळी सोबत आणायची. पाहुण्यांनी ढिगाचं विचारलं तर ‘नथिंग’ म्हणायची. मायनं बजावलंच होतं, “तुहा बाप लोकाईनं पाह्याची चीज नोहे. कोणाले सांगू नको.”

गाडी ढिगापाशी थांबली तशी बाईनं तिकडे बोट दाखवलं. “मे आय टेक अ फोटो?”

‘नथिंग’ अगदी ओठांवर आलं होतं. पण रोज उठून आपल्याच बापाला ‘काही नाही’ म्हणायचं, याचा करिश्माला आज वीट आला.

“नो फोटो,” ती म्हणाली. “टायगर... टेक माय फादर. हिअर.”

वाक्य मोडकंतोडकं होतं, पण बाईला पुरलं. तिनं भिंगावर झाकण लावलं आणि कॅमेरा पिशवीत घातला. वाघ कधी दिसेल, हे सकाळपासून चाललेलं तिचं विचारणंही थांबलं. जरा वेळानं करिश्माच्या हातातल्या डहाळीकडे पाहत तिनं नुसताच आपला हात पुढे केला.

डहाळी एकच होती. करिश्मानं ती मधोमध मोडली.

“टेक,” ती म्हणाली.

दोन्ही तुकडे ढिगावर पडेपर्यंत लोकेशनं गाडी हलवली नाही.