विशेष कक्षातले अर्ज

घरवाटप मंडळाच्या संचालकांना स्वतःच्या चेहऱ्याचं फार कौतुक होतं, आणि ज्यांना तो दिसत नाही त्यांचीही त्यातून सुटका होऊ नये अशी त्यांनी सोय करून ठेवली होती. मंडळाच्या वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांचा फोटो होता. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला संगणक स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि फोटो आला की त्याच्यामागे लिहून ठेवलेलं वर्णन वाचतो. संचालकांच्या फोटोमागे लिहिलं होतं, ‘दूरदृष्टीचे, हसतमुख, लोकाभिमुख संचालक.’ पान उघडलं की जप सुरू. अर्जाच्या बटणांमागे मात्र कोणी काहीच लिहिलं नव्हतं. तिथे तो आवाज नुसता ‘बटण’ म्हणायचा, शेजारी पुन्हा ‘बटण’. त्यातलं एक अर्ज पाठवायचं आणि दुसरं भरलेलं सगळं पुसून टाकायचं. कोणतं कुठलं, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलं होतं.

ही वेबसाइट अपंगांना वापरता येते का, हे तपासून दाखला द्यायचं काम जिच्याकडे आलं, तिचा हा रोजचाच व्यवसाय होता. माऊस ड्रॉवरमध्ये टाकायचा, स्क्रीन बंद करायची, कानाला हेडफोन लावायचे आणि नुसत्या किबोर्डवर पान चालवून बघायचं. हे शिकली ती घरातच, नणंदेकडून. नणंद जन्मापासून आंधळी, भावजयीपेक्षा वयाने लहान आणि तोऱ्याने मोठी, म्हणून घरात तिला राणीसरकार म्हणत. कोर्टातल्या सुनावण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून देई. कोणता वकील कधी खोटं बोलतो ते त्याच्या खाकरण्यावरून सांगे.

राणीसरकारांचं राज्य म्हणजे भावाच्या घरातली मागची खोली. तिथेच कपडे वाळत, तिथेच पोरांची सायकल, तिथेच इस्त्रीचं टेबल. घरात कोणी वाईट नव्हतं, पण कोणीही येताजाता तिची वस्तू उचलून दुसरीकडे ठेवी, आणि मग राणीसरकार स्वतःच्याच खोलीत हात पसरून चाचपडत. मोठ्या गरजा नव्हत्या तिच्या. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडेल असं एक घर, आणि आतून लावायची कडी. मंडळाच्या घरांची सोडत निघाली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला, आणि तेव्हापासून पोरांना दटावत होती, मी गेले की सायकल माझ्या उशीवर ठेवा खुशाल.

तपासणीचं काम आलं तेव्हा भावजयीने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की माझ्या नणंदेचा अर्ज तुमच्याकडे आहे. संचालकांचा चेहरा उजळला. दाखला मिळाल्याचा समारंभ ठरलाच होता, आणि त्यात गुच्छ द्यायला एक आंधळी बाई त्यांना हवीच होती.

तो समारंभ म्हणजे संचालकांच्या डोक्यातून निघालेलं रत्न. सगळे पाहुणे डोळ्यांना पट्टी बांधून बसणार. पट्ट्या जांभळ्या साटिनच्या, त्यांवर मंडळाचं चिन्ह भरतकामात. पट्टी बांधून संचालक स्वतः वेबसाइटवर अर्ज भरणार, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर पत्रकार ते बघणार. आंधळ्यांचं दुःख अर्धा तास भोगायचं आणि मग चहा.

भावजयीने आधीच्या महिन्यात वेबसाइटचे दोष लिहून दिले होते. नाव नसलेली बटणं, किबोर्डने न उघडणारं कॅलेंडर, आणि ‘ज्या चौकोनांत पूल दिसतो ते निवडा’ असं विचारणारं कोडं. ते सोडवल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता, आणि आंधळ्याने पूल कुठून बघायचा हे मंडळात कोणाला सुचलं नव्हतं. त्यांनी यातलं काही दुरुस्त केलं नाही. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेल्या ‘विशेष कक्ष’ नावाच्या जुन्या पानाकडे मात्र बोट दाखवलं. साधं, स्वच्छ पान. तिथे कोडं नव्हतं, आवाज सगळं नीट वाचत होता आणि शेवटी ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला’ असं म्हणत होता. राणीसरकारांनी अर्ज तिथूनच भरला होता. ती म्हणालीही होती, मेल्यांना एवढं तरी जमलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी भावजय शेवटची तपासणी करायला मंडळात लवकर पोहोचली. तिची कामाची एक रीत होती. धन्यवाद ऐकून ती कधी थांबत नसे. अर्ज केला तर तो पलीकडे कोणाच्या हातात पडला, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती दाखल्यावर सही करत नसे. तिने विशेष कक्षातून एक नमुन्याचा अर्ज पाठवला आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला म्हणाली, सोडतीच्या यादीत दाखवा मला.

तंत्रज्ञ भला माणूस होता, म्हणजे कोणी विचारलं नाही तर काही सांगायचा नाही. त्याने यादी खालीवर केली. नमुन्याचा अर्ज नव्हता. भावजयीने नणंदेचं नाव शोधायला लावलं. तेही नव्हतं. मग तो मान खाली घालून सांगू लागला की विशेष कक्षाचे अर्ज यादीत येतच नाहीत, ते एका मेलबॉक्समध्ये जातात. तो मेलबॉक्स ते पान बनवणाऱ्या मुलीचा. ती नोकरी सोडून गेली, त्याला बराच काळ झाला. उघडतं कोण? कोणीच नाही. पासवर्ड आहे, पण उघडा असं कोणी म्हटलं नाही. आणि यादी आजच दुपारी बंद होणार होती.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. ते आरशासमोर पट्टी बांधून बघत होते, केस विस्कटत नाहीत ना म्हणून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशी माणसं ऐकून घेण्यात फार पटाईत असतात.

“तुमच्या नणंदबाईंचं नाव आत्ताच यादीत घालायला सांगतो,” ते म्हणाले. “बाकीचं समारंभानंतर बघू. तुम्ही तेवढी दाखल्यावर सही करा.”

समारंभानंतर यादी बंद झालेली असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती सही न करता बाहेर आली. तिला त्या माणसाचा राग आला नाही. राग यायला समोर थोडंफार माणूस लागतं. तिला किळस आली, आणि तिच्या तळाशी एक मोहही हलला, तो तिला जास्त झोंबला. एक सही, आणि राणीसरकारांना कडी.

राणीसरकार खाली बाकावर काठी मांडीवर आणि मंडळाने आणून दिलेला गुच्छ हातात घेऊन बसली होती. भावजयीने शेजारी बसून सगळं सांगितलं, मोहासकट. नणंदेने गुच्छाचा वास घेतला आणि तो बाजूला सारला.

“प्लास्टिकचा आहे गं वहिनी. वरून अत्तर मारलंय.” मग म्हणाली, “त्याच्या उपकारावर घर घ्यायचं म्हणजे जन्मभर त्या फोटोला नमस्कार. नको म्हण त्याला.”

“घर जाईल तुझं.”

“माहितीये. मागच्या खोलीतच मरायचंय बहुतेक मला, सायकलसकट.” तिने काठी मांडीवर सरळ केली. “पण आत्ताच नको सांगूस. गुच्छ दिल्यावर मला दोन शब्द बोलायचेत, असं ठरलंय ना?”

सभागृह भरलं. पाहुण्यांनी पट्ट्या बांधल्या, एकमेकांच्या पायांवर पाय दिले, हसले, फोटो काढून घेतले. बऱ्याच जणांनी पट्टी नाकावरून किंचित वर ठेवली होती. संचालकांनी मात्र घट्ट बांधली होती, कारण कॅमेरे त्यांच्यावर होते. त्यांनी विशेष कक्ष उघडला, स्वतःच्या नावाने अर्ज भरला, आवाजाने ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला’ म्हटलं आणि टाळ्या पडल्या. त्यांनी हात जोडले, नेमके कॅमेऱ्यांकडे पाठ करून.

राणीसरकारांनी गुच्छ दिला. माईक हातात घेतला. सुनावण्या ऐकून ऐकून तिला सवाल कसा टाकायचा ते नीट कळत होतं.

“साहेबांनी आमच्यासारखा अर्ज केला, आनंद वाटला,” ती म्हणाली. “मीही याच पानावरून केलाय. साहेबांचा अर्ज कुठे पोहोचला, तेवढं सगळ्यांना दाखवता का?”

तंत्रज्ञाने भावजयीकडे बघितलं. तिने मान हलवली. अखेर त्याला कोणीतरी उघडा असं म्हटलं होतं. त्याने मेलबॉक्स मोठ्या पडद्यावर आणला.

सगळ्यात वर संचालकांचं नाव. त्याखाली नमुन्याचा अर्ज. त्याखाली नावंच नावं, सगळी ठळक अक्षरांत, म्हणजे एकही न उघडलेलं. तंत्रज्ञ पान खाली सरकवत राहिला आणि नावं येत राहिली. खूप खाली राणीसरकारांचं आलं. पाहुणे एकेक करून पट्ट्या काढू लागले. पत्रकारांनी खुर्च्या पुढे ओढल्या. सभागृह इतकं गप्प झालं की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली.

फक्त संचालक पट्टी बांधून उभे होते. सकाळी ऐकून घेतलेलं ते केव्हाच विसरले होते, आणि ती शांतता त्यांना भक्तिभावाची वाटली असावी. गुच्छ घ्यायला वळल्यापासून पडद्याकडे पाठ करून ते हसत राहिले, दूरदृष्टीचे, लोकाभिमुख.

“झालं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“झालं,” राणीसरकार म्हणाली. “काढा आता.”

यादी त्या दुपारी बंद झाली नाही. मंडळाला मुदत वाढवावी लागली, मेलबॉक्समधले सगळे अर्ज आत घ्यावे लागले, आणि मुख्य पानाची बटणं, कॅलेंडर, कोडं दुरुस्त होईपर्यंत भावजयीने दाखल्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पत्रकात छापून आलं की माननीय संचालकांनी स्वतः अर्ज करून यंत्रणेतली त्रुटी शोधून काढली. भावजयीने ते वाचून दाखवलं, तेव्हा राणीसरकार इतकी हसली की तिला ठसका लागला.

सोडतीत तिचं नाव निघालं, पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या. खोली छोटी, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, म्हणून आधीच्यांनी नाकारलेली. मला काय, भिंत असो की बाग, ती म्हणाली. किल्ली संचालकांच्या हस्ते घ्यायला मंडळाचं बोलावणं आलं. तिने कळवलं, टपालाने पाठवा.

पहिल्या दिवशी तिने आतून कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. भावजय बाहेर उभी राहून हसत होती. मग आत बसून राणीसरकारांनी घराचा ताबा मिळाल्याचं कळवायला मंडळाची वेबसाइट उघडली. माथ्यावर नवा फोटो होता, समारंभातला. आवाज वाचू लागला, ‘दूरदृष्टीचे, हसतमुख संचालक, लाभार्थी भगिनीसह...’

किबोर्डवर एक कळ असते, नको ते टाकून थेट पुढे जायची. राणीसरकारांनी करंगळीने ती दाबली.