खरी वेळ

आमच्या घरात खोटं बोलण्याचं काम आईकडे होतं. बाबांच्या मालकाला फोन करून ताप आहे म्हणून सांगायचं, माझ्या शाळेत ते कामासाठी परगावी गेलेत म्हणायचं, शेजारच्या काकूंना जिन्यात पाय घसरला असं सांगून मोकळं व्हायचं. एकवीस वर्षांत तिने बाबांच्या मागे इतकी दुखणी लावली की त्यातली निम्मी जरी खरी असती तरी माणूस कधीच आटोपला असता. खोटं बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि आवाज जराही हलू द्यायची नाही. मला ते कधी साधलं नाही. माझ्या वाट्याला दुसरं काम होतं. बाबा पिऊन आले की त्यांना झोपवायचं.

त्याची पद्धत ठरलेली होती. बूट काढायचे, खिशातली किल्ली काढून घ्यायची, कुशीवर वळवून पाठीशी उशी लावायची म्हणजे ते उताणे होत नाहीत, आणि पलंगापाशी बादली ठेवायची. हे सगळं होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा नाही. तो वास एकदा आत गेला की जेवण घशाखाली उतरत नाही, हे मी सातवीत असतानाच शिकले. मान वळवून, तोंडाने श्वास घेत पाच मिनिटांत उरकायचं.

बाबा काचा बसवायचे. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या मोठमोठ्या दर्शनी काचा. हिऱ्याच्या कलमाने रेघ मारली की तुकडा केसभरही इकडे तिकडे जायचा नाही. हे सकाळचे बाबा. दुपारनंतरच्या बाबांच्या हातात मालक काच देत नसे. शेवटी कंटाळून त्याने त्यांना काढून टाकलं. त्यानंतर काय मनात आलं कुणास ठाऊक, बाबा आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन दहा दिवस राहिले आणि आल्यापासून त्यांनी घेतली नाही. मालकाने परत कामावर ठेवलं. अडीच महिने झाले होते. आई भांडी घासताना गुणगुणायला लागली होती आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याआधी तीनदा सुटली होती आणि तीनदा परत लागली होती. चौथ्यांदा आशा धरायची ताकद माझ्यात उरली नव्हती. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होते.

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास मालकाचा फोन आला. त्याचं म्हणणं, तुमच्या बाबांचं परत सुरू झालंय, हातातून काच सुटून चक्काचूर झाली, धड बोलता येत नाहीये, रिक्षात बसवून पाठवतोय, उद्या येऊ नका म्हणावं. मी बरं म्हटलं. माझी चष्म्याच्या दुकानातली पाळी तीनला सुरू होते. मी वेणी घालत होते, ती पुरी केली.

दोन वीसला ते आले. घड्याळाकडे मी बघितलंच होतं, कारण मला उशीर होणार म्हणून राग आला होता. उजवा पाय ओढत, भिंतीला धरून ते आत आले. मी त्यांना काखेत धरलं, मान वळवली आणि श्वास रोखला. बूट, किल्ली, उशी, बादली. मी पाठीमागे उशी सारत होते तेव्हा ते बोलले. शब्द बोबडे होते, पण मला कळले. ते म्हणाले, "घेतली नाही गं."

"हो बाबा, तुम्ही कधीच घेत नाही," मी म्हटलं. दर वेळी हेच म्हणायचे मी.

मग आईला लॉन्ड्रीत फोन केला. आमची एक जुनी खूण होती. तिच्या इस्त्रीच्या टेबलाभोवती चार बायका असायच्या म्हणून आम्ही हवामानाच्या भाषेत बोलायचो. ढगाळ म्हणजे झोपलेत, गडगडाट म्हणजे लवकर ये. मी म्हटलं, आज ढगाळ आहे. ती म्हणाली, "बरं." अडीच महिन्यांचं गुणगुणणं त्या एका शब्दात संपलं. बाबांनी उठून परत गुत्त्यावर जाऊ नये म्हणून मी बाहेरून कुलूप लावलं आणि कामाला गेले. तीन ते सात मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होते आणि नीट दिसतंय का, असं विचारत होते.

आई साडेसहाला घरी पोचली. अंथरूण ओलं झालं होतं. तिने चादर बदलली, बाबांना पुसून काढलं, तोंडावर पाणी मारायला म्हणून चेहरा आपल्याकडे वळवला, तेव्हा तिला दिसलं की तोंड एका बाजूला ओघळलंय. दारूचा वास मात्र जराही येत नव्हता.

आईचा फोन आल्यावर मी रुग्णालयात पोचले तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. त्या आईला समजावत होत्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला असेल तर त्याच इंजेक्शनने डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून त्यांना एकच गोष्ट नक्की हवी होती.

"हे शेवटचे धडधाकट कधी होते?" त्यांनी विचारलं.

"साडेसहाला," आई म्हणाली. "चहा पीत होते. कप हातातून पडला."

तिने डॉक्टर बाईंच्या डोळ्यांत बघितलं होतं. आवाज हलला नव्हता. बाईंनी कागदावर वेळ लिहिली, नर्सला इंजेक्शन तयार करायला सांगितलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, वेळेत आणलंत, बरं केलंत.

मी बोलले तर ते इंजेक्शन हातचं जाणार होतं. त्याबरोबर कदाचित त्यांचा उजवा हात जाणार होता, बोलणं जाणार होतं. गप्प राहिले तर कदाचित काहीच बिघडणार नव्हतं. आणि कदाचित त्याच इंजेक्शनने ते जाणार होते. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती आणि अंगठ्याने दाबत होती. गप्प रहा, याची ती आमची दुसरी जुनी खूण.

"दोन वीस," मी म्हटलं. "त्याच्याही आधी असेल. दोनला मालकाचा फोन आला तेव्हाच बोलणं अडखळत होतं. मी घरात होते. मला वाटलं, प्यायलेत. मी त्यांना झोपवलं आणि कामाला गेले."

रोज पितात का, एवढंच डॉक्टर बाईंनी विचारलं. आई नाही म्हणाली. मी म्हटलं, अडीच महिने नाही, त्याआधी एकवीस वर्षं. बाईंनी लिहिलेली वेळ खोडली आणि नर्सला हाक मारून थांबवलं. जीव बहुतेक वाचेल म्हणाल्या. हात आणि बोलणं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. मग हलक्या आवाजात म्हणाल्या की खरी वेळ सांगितलीत म्हणून वाचतील.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या हाताला अजून इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता.

"एकवीस वर्षं ह्यांच्यासाठी खोटं बोलले," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा तुझ्यासाठी बोलले. उद्या लोक म्हणतील, पोरीने बापाला कुलूप लावून मरायला टाकलं."

मी म्हटलं, तसंच तर केलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आठच्या सुमारास एकेकाला आत सोडलं. बाबा जागे होते. उजवा हात शरीराशेजारी कुणी तरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. मी वाकून त्यांच्या तोंडाजवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं. मी विश्वास ठेवला नाही."

मला वाटलं ते तोंड फिरवतील. डोळ्यांत राग दिसेल म्हणून मी थांबले, कारण राग आला असता तर मला कुठे तरी टेकता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि होकारार्थी मान हलवली, दोनदा, सावकाश. ते प्यायलेत असं मालकाने धरलं, ते त्यांना बरोबरच वाटत होतं. माझंही बरोबर होतं असं वाटत होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवेल असं त्यांना स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं.