केरबाची गुलाबी गोळी

उंब्रजचे लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांचे गुडघे शाबूत होते. पुढं घरचं दूध आणि बनुबाईंच्या हातचं जेवण अंगी लागलं आणि साठी उलटल्यावर दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले. सकाळी उठायचं म्हणजे आधी भिंत धरायची, मग बनुबाईंना हाक मारायची आणि मग कुठं उठायचं.

तसा घरातच डॉक्टर होता. त्यांची सून संयोगिता पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना चालवायची. मुलगा विश्वजीत सैन्यात, लांब पोस्टिंगवर. संयोगितानं सासऱ्यांचे एक्स-रे काढून घेतले, गुडघ्यांची झीज दाखवली आणि वजन कमी करा, खुर्चीवर बसून पायाचा व्यायाम करा, वरून मलम चोळा, फारच दुखलं तर ही साधी पांढरी गोळी घ्या, असं सांगितलं. जोराच्या गोळ्या तुम्हाला नकोत, बीपीचं औषध चालू आहे, पोटाला आणि किडनीला बाधतील, हेही सांगितलं. लालासाहेबांना ते काही पटलं नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि खाली आणायचा, ह्याला औषध म्हणायचं तर रंगरुटाच्या पीटीला ऑपरेशन म्हणावं लागेल, असं ते बनुबाईंना म्हणाले.

शेताच्या बांधाला बांध लागून असलेल्या केरबालाही गुडघेदुखी होती, पण केरबा तुरुतुरु चालायचा. लालासाहेबांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत गुलाबी गोळ्या. कराडच्या एका औषधाच्या दुकानातून पाव्हण्यानं आणून दिल्या होत्या. कुणी लिहून दिल्या, कशावर घ्यायच्या, हे केरबानं विचारलं नव्हतं आणि लालासाहेबांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोळी कोऱ्या चहाबरोबर घेतली आणि दुपारपर्यंत ते उसाचा अख्खा पट्टा फिरून आले.

आठवड्याभरात त्यांची चाल बदलली. संयोगिताच्या ते ध्यानात आलं आणि तिला आपल्या व्यायामाचं मोठं कौतुक वाटलं. इतकं की गुडघ्याचा पेशंट आला की ती सासऱ्यांना आत बोलवायची. आमच्या आबांना बघा, म्हणायची, एक जोराची गोळी न देता नुसत्या व्यायामावर माणूस पळायला लागला. मग लालासाहेबांनी खुर्चीत बसायचं, पाय सरळ करायचा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, खाली आणायचा आणि हाताचा आधार न घेता उठून दाखवायचं. बाकड्यावर बसलेल्या बाया कौतुकानं बघायच्या. केरबाही कधी पाठीच्या मलमासाठी आलेला असायचा. तो त्या वेळी छताकडं बघायचा.

आता मागं फिरायची सोय उरली नाही. गोळी सोडली तर गुडघा धरणार, गुडघा धरला तर सुनेचं हसं होणार. आणि सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत पुरेना, म्हणून लालासाहेबांनी संध्याकाळी दुसरी सुरू केली.

मग एकेक व्हायला लागलं. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायला लागला. बीपी चढलं. संयोगिताला काही उमगेना, तिनं मिठावर संशय घेतला. बनुबाईंनी लोणचं, पापड बंद केले, आमटीतलं मीठ निम्मं केलं आणि सगळं घर लालासाहेबांपायी अळणी जेवायला लागलं. लालासाहेब ती आमटी मान खाली घालून, तक्रार न करता प्यायचे. त्याचंच बनुबाईंना जास्त नवल वाटलं. पुढं पोटात जळजळ सुरू झाली आणि एका सकाळी परसाकडला जाऊन आलेले लालासाहेब घाबरेघुबरे होऊन ओट्यावर बसले. शौचाचा रंग काळा होता.

हे लक्षण चांगलं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. दवाखान्याच्या भिंतीपलीकडून सुनेला पेशंटना तेच विचारताना त्यांनी कैकदा ऐकलं होतं. पण सांगायचं कसं? जिच्यासमोर टोपी सरळ केल्याशिवाय ते जेवायला बसत नव्हते, तिला असलं काही सांगायचं ह्या विचारानंच त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेवटी त्यांनी ते काम बनुबाईंवर सोपवलं.

बनुबाईंनी पोळ्या लाटता लाटता सुनेपाशी विषय काढला. पण त्यांचीही जीभ अडखळली. यांना रंग काही बरा दिसत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. संयोगितानं लगेच बॅटरी आणून तिचा झोत सासऱ्यांच्या डोळ्यांत पाडला, मोतीबिंदूची शंका काढली आणि त्यांना कराडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. लालासाहेब मुकाट गेले. भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन परत आले.

दोन दिवसांनी मसूरच्या दोन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या. लालासाहेबांना बोलावणं आलं. ते बसले, पाय सरळ केला, खाली आणला. उठायला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन पुन्हा खुर्चीत बसले. संयोगितानं नाडी धरली, ती धावत होती. खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरंफटक.

"आबा, काय होतंय? खरं सांगा."

लालासाहेबांनी सुनेकडं बघायचं टाळलं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर रोखली, पाठ ताठ केली, मुठी मांडीवर ठेवल्या आणि साहेबापुढं द्यावा तसा खणखणीत आवाजात रिपोर्ट दिला.

"परसाकडला काळी हुतीय. डांबरावानी. शुक्रवारपासनं."

मसूरच्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. संयोगिता हसली नाही. रक्तवाढीची गोळी घेता का, चिकट असते का, उलटी झाली का, असं तिनं एकामागून एक विचारलं आणि लालासाहेबांनी कॅलेंडरकडंच बघत उत्तरं दिली. शेवटी तिनं विचारलं, गोळी कुठली घेता? लालासाहेबांची नजर कॅलेंडरवरून सुटून मलमासाठी आलेल्या केरबाकडं गेली. बाकड्यावरून केरबा उठला, पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझी हाय, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "मीबी घेतुया."

संयोगितानं गोळी उलटसुलट करून बघितली.

"गोळी वाईट नाही, काका. मीसुद्धा देते. पण बीपी बघून, किडनी बघून, जेवणावर आणि थोडेच दिवस. आबांनी ती उपाशीपोटी, दिवसातून दोनदा, कुणाला न सांगता घेतली."

तासाभरात लालासाहेब कराडच्या हॉस्पिटलात होते. दुर्बीण घालून बघितलं तर जठरात जखम होऊन रक्त झिरपत होतं. जखम तिथल्या तिथं बंद केली, रक्ताच्या बाटल्या लावल्या, पोटाची औषधं सुरू झाली. किडनीचा रिपोर्टही थोडा वर गेला होता, तो गोळी बंद झाल्यावर हळूहळू खाली आला. केरबाचीही तपासणी झाली. त्याचं पोट वाचलं होतं, पण भीतीनं तो पुढं महिनाभर ताक-भातावर राहिला.

हॉस्पिटलात एका दुपारी संयोगिता खाटेपाशी बसली होती. मला आधी का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं.

"तुमी लय खूश हुता, सूनबाई," लालासाहेब म्हणाले. "समद्या पेशंटास्नी माझा पाय दावत हुता. कसं सांगू?"

आपण चार लोकांत त्यांना रोज खुर्चीवर बसवलं, एकदा विचारलंसुद्धा नाही, हे संयोगिताला लागलं. तिनं तसं सांगितलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. लालासाहेबांनी लाजून टोपी मागितली.

घरी आल्यावर गुडघे परत कुरकुरले. मलम, गरम पाण्याची पिशवी आणि व्यायाम ह्यावर दिवस निघायला लागले. आता व्यायाम ते खरोखरच करत होते, पण दार लावून. वजन उतरलं तसं दुखणं निम्म्यावर आलं. राहिलेल्या निम्म्यासाठी काठी घेतली.

फाल्गुनात विट्याला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत लालासाहेबांच्या शेजारी आप्पासो म्हणून गलाईवाले बसले होते. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. वाढप अजून यायचं होतं. आप्पासोंनी गुडघा चोळत खिशातून गोळी काढली आणि पाण्याचा ग्लास उचलला. लालासाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"पाव्हणं, थांबा. कशाची हाय?"

गुडघ्याची, ते म्हणाले. कुणी दिली, तर दुकानातल्या मुकादमानं. बीपी आहे का, तर आहे. लालासाहेबांनी ग्लास काढून घेतला आणि आप्पासोंच्या कानाशी तोंड नेलं. पण साऱ्या पलटणीला कवायत देऊन कमावलेला तो आवाज, त्याला कुजबुजणं कधी जमलंच नव्हतं.

"परसाकडला कुठल्या रंगाची हुती?"

अख्ख्या पंगतीच्या माना वळल्या. वाढप्यानं काळ्या मसाल्याच्या आमटीची बादली हातात धरूनच वाट पाहिली. बायकांच्या पंगतीत बनुबाईंनी पदर पुढं ओढला आणि संयोगिता पत्रावळीत बघत राहिली. आप्पासोंनी इकडं तिकडं बघितलं, थोडा वेळ विचार केला आणि पिवळी, असं खाली मान घालून सांगितलं.

"मग अजून येळ गेली न्हाई," लालासाहेब म्हणाले. "जेवण झाल्यावर आमच्या सूनबाईंना दावा."