मानाचे फोल्डर

बागायतदार संघाच्या कचेरीत संगणक सुरू केला की गोदूताई चहाचं आधण ठेवत. चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावरचा मेलचा प्रोग्राम अजून डोळेच चोळत असायचा. मग एकेक मेल असा यायचा, जसा आगरदांड्याच्या धक्क्यावर म्हातारा माणूस बोटीतून उतरतो.

गोदूताई संघाच्या सचिव. गावातली सगळी सुपारी संघाच्या गोदामात यायची आणि तिथून व्यापाऱ्याकडे जायची. यंदा गोदाम गच्च भरलेलं. त्यात गोदूताईंच्या वाडीतली सुपारीही होती, आणि त्यांचं सगळं वर्ष तिच्यावरच निघायचं. मुंबईचा एक व्यापारी सगळा माल घ्यायला तयार होता. त्याच्या अटींचा मेल आला आणि त्याला होकार गेला की ट्रक येणार. उशीर झाला तर तो पलीकडच्या गावाचा माल उचलणार आणि इथल्या सुपारीला दमट हवेत बुरशी धरणार. व्यापारी फोनवरचा शब्द मानत नव्हता, आणि संघाचा मेल कोणाच्या मोबाईलवर घ्यायचा नाही असा संघाचा ठराव होता. संघाकडे ठरावांना तोटा नव्हता.

श्रीवर्धनला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारी दिशा येऊन बघून गेली. तिने निदान सांगितलं. संघ स्थापन झाल्यापासूनचे सगळे मेल एकाच फाइलीत कोंबलेले. त्यात हिरामणनानांच्या सत्काराचे भले मोठे फोटो, रोजच्या सुप्रभाताचे गुलाब, आणि त्या गुलाबांना सर्व सभासदांनी सर्व सभासदांना पाठवलेले नमस्कार.

“मावशी, जुने मेल वर्षावार वेगळ्या फाइलींत काढून ठेवायचे,” ती म्हणाली. “हरवत काही नाही, लागेल ते वर्ष उघडता येतं. समोर फक्त यंदाचं. मग बघा कसा पळतो.”

गोदूताईंना ते लगेच पटलं. त्यांच्या लहानपणी कचेरीत पत्रं तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. आकडा भरला की चिटणीस तो माळ्यावर टांगत आणि नवा आकडा घेत. कोणाची परवानगी घेत नसत. तेव्हा माणसंही कमी होती आणि मानही बेताचेच होते.

आता मात्र सभा बोलवावी लागली. जुने म्हणजे कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला उठला. हिरामणनाना माजी अध्यक्ष. त्यांनी आताच्या अध्यक्षांकडे, शिवदासभाऊंकडे बोट केलं.

“म्हणजे माझी कारकीर्द माळ्यावर नि ह्याची ओटीवर?”

संघाला आजवर सात अध्यक्ष लाभले होते. त्यातले दोघे देवाघरी गेलेले, पण त्यांचे मुलगे वडिलांचा मान राखायला सभेत हजर होते. वडिलांचा एकही मेल त्यांनी कधी वाचला नव्हता. तरी तो हलवू द्यायला ते तयार नव्हते. तास दीड तास भांडण झालं. शेवटी तोडगा निघाला तो शिमग्याच्या पालखीवरून. पालखी आधी कोणाच्या दारात, ह्यावरून गावात एके काळी डोकी फुटली होती आणि सगळ्याच मानकऱ्यांच्या दारात पालखी नेऊन ते मिटलं होतं. तसंच इथेही करायचं ठरलं. सात अध्यक्षांचे सात मानाचे फोल्डर करायचे, आणि प्रत्येक जुना मेल सातही फोल्डरांत ठेवायचा.

फाइल सातपट फुगेल, असं दिशा म्हणाली. शिवदासभाऊ हसले.

“पालखी सात दारांत गेली म्हणून देवाचं वजन वाढतं काय गो?”

सगळे हसले. दिशा आपली बॅग उचलून गेली. गोदूताईंनी ठरावाप्रमाणे आठवडाभर मेलांच्या नकला काढल्या. सातवा फोल्डर भरला आणि प्रोग्रामने राम म्हटला. मग आधणं ठेवून झाली, जेवणं झाली, तरी तो उघडेना. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. मेल सकाळीच पाठवलाय, संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर तो पलीकडच्या गावाला हो म्हणणार होता.

गोदूताईंनी शिवदासभाऊंना फोन केला. ते म्हणाले, तातडीची सभा परवा घेऊ. मग गोदूताईंनी दिशाला फोन केला.

दिशाने ती फुगलेली फाइल उचलून बाहेरच्या डिस्कवर नेली, वर आणखी एका डिस्कवर तिची नक्कल ठेवली. वर्षावार वाटण्या सावकाशीने करू म्हणाली. प्रोग्राम रिकाम्या पेटीवर उघडला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत व्यापाऱ्याचा मेल समोर. गोदूताईंनी होकार लिहिला, पाठवला. मग थोडा विचार करून डाव्या बाजूला सात अध्यक्षांच्या नावांचे सात फोल्डर करायला सांगितले.

“त्यांत घालायचं काय?” दिशाने विचारलं.

“काही नको.”

ट्रक आला त्या दिवशी मंडळी कचेरीत जमली. प्रोग्राम चटकन उघडला तसे शिवदासभाऊ म्हणाले, बघा, आमच्या ठरावाचा गुण. बाहेर पोती चढत होती. ठराव मोडलाय हे कळलं असतं तर पोती तिथेच उतरली असती आणि चौकशी समिती चढली असती. हिरामणनाना पडद्याजवळ सरकले आणि त्यांनी आपल्या फोल्डरवर बोट टेकवलं. गोदूताईंनी माऊस आपल्याकडे ओढून घेतला.

“माझं नाव शिवदासच्या खाली का?”

गोदूताईंनी त्यांच्या नावापुढे एकचा आकडा घातला. नाव सर्रकन वर गेलं. मग शिवदासभाऊंनाही तो एकचा आकडा हवासा वाटला, मग दोघा मुलग्यांना वडिलांसाठी, मग बाकीच्यांना. ट्रक नाक्यावरून वळेपर्यंत सातही फोल्डर एक नंबरचे झाले होते. आत काय आहे, हे कोणीच विचारलं नाही.