सांबोलची दोन पातेली

मी सुवर्णा. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगते. नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं कोलंबोत काढली, तिथला स्वयंपाक हाताला लागला, आणि आता नाशिकमध्ये केटरिंग करते. माझ्या ओळखीचा हर्षल एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. श्रीलंकेच्या सहलीला निघालेल्या मंडळींना तिथले पदार्थ इथेच चाखवायचे, म्हणजे तिकडे जाऊन कोणी उपाशी राहायला नको, ही त्याची कल्पना. रविवारी दुपारी गंगापूर रोडच्या हॉलवर बावीस जणांचं जेवण होतं.

मंडळी दोन तऱ्हेची. देवळाली कॅम्पातली निवृत्त फौजी कुटुंबं सगळं खाणारी, आणि सायखेड्याचं भजनी मंडळ माळकरी. खरी अडचण पोल सांबोलची. ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू, दिसायला आपल्या चटणीसारखी भोळीभाबडी. पण तिच्यात तिकडे वाळवलेला मासा कुटून घालतात. तो दिसत नाही, चव तेवढी खुलते. म्हणून मी दोन पातेली केली, एक माशाचं, एक बिनमाशाचं. वटलप्पममध्ये अंडं असतं, ते गोडही फौजींच्या टेबलापुरतंच ठेवलं.

भजनी मंडळाचे खंडेराव जेवणाआधी स्वयंपाकघरात आले. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, अंगात इस्त्रीचा सदरा.

"ताई, आमचं भांडं वेगळं हाय ना? चाळीस वर्सं झाली माळ घालून. एक कण गेला नाय पोटात."

"वेगळं आहे बाबा."

पाच मिनिटांनी ते पुन्हा आले, मग तिसऱ्यांदा. तेव्हा मी चिडले. "बाबा, माझ्या स्वयंपाकघरात असला घोळ होत नाही. तुम्ही निवांत बसा." ते ओशाळून बाहेर गेले. मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

किरीबाथ लोकांना आवडला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, थापून वड्या पाडलेला. मसुराची परिप्पू ओरपली गेली. सांबोल तर दोन्ही टेबलांवर संपला. मी घाईघाईने दोन्ही वाट्या भरून घेतल्या आणि स्वतःच वाढायला निघाले. एक फौजींच्या टेबलावर ठेवली, दुसरी भजनी मंडळाकडे नेली. भजनी मंडळात दुसऱ्यांदा दोघांनीच घेतला, खंडेरावांनी आणि त्यांच्या पत्नी धोंडाबाईंनी. बाकीचे ताकावर आले होते. उरलेली वाटी घेऊन मी आत परतले.

तेवढ्यात हर्षल आला. "ताई, कॅम्पातले साहेब म्हणताहेत, आत्ता आणलेल्या चटणीत मघासारखी मजा नाही."

मी हातातल्या वाटीतला सांबोल जिभेवर ठेवला. मासा होता. वाट्या मीच भरल्या होत्या, मीच नेल्या होत्या, दुसऱ्या कोणावर ढकलायलाही जागा नव्हती.

"काय झालं?" हर्षलने विचारलं. मी सांगितलं. तो पांढराफटक पडला, मग हळूच म्हणाला, "ताई, कोणाला कळलंय का? नाही ना? मग राहू द्या."

खरंच, कोणालाच कळलं नव्हतं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. पण त्या माणसाने मला तीनदा विचारलं होतं, आणि मी त्याला झिडकारलं होतं. ते मला गिळवेना. आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सुनावत आले, आणि आता स्वतःवर वेळ आली तर शेपूट घालायची, हे जमण्यासारखं नव्हतं. मी बाहेर गेले.

खंडेरावांच्या ताटात सांबोलचा ठिपकाही उरला नव्हता. धोंडाबाईंच्या ताटातही नाही. मी वाकून म्हटलं, "बाबा, हात धुवायला या जरा." ते उठले. बेसिनपाशी मी सांगून टाकलं.

"दुसऱ्यांदा वाढलेल्या चटणीत मासा होता. माझ्याकडून वाट्या बदलल्या. चूक माझी आहे."

त्यांनी नळ उघडला आणि बराच वेळ चुळा भरल्या. पाणी वाहत राहिलं. मी वाट पाहत होते ते ओरडतील म्हणून. ओरडले असते तर मी पाय धरले असते, सगळं ऐकून घेतलं असतं. त्यांनी नळ बंद केला आणि पंच्याने तोंड पुसलं.

"कशाला सांगितलं?" ते म्हणाले. "नसतं सांगितलं तर मी माझ्या माळेसकट मेलो असतो. तुझं मन हलकं झालं. माझं काय?"

मी खरेपणाने सांगायला आले होते, पण त्यात माझी सुटका मी आधी पाहिली होती, हे तिथे उभ्या उभ्या कळलं आणि फार लाज वाटली. ते टेबलाकडे वळले. मी मागोमाग गेले.

धोंडाबाईंनी मान वर केली. "काय झालं वो? तोंड का असं झालं तुमचं? चटणीत काय पडलं होतं का?"

खंडेराव खुर्चीवर बसले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, माळ आत गेली. मग माझ्याकडे पाहून त्यांनी 'नको' अशी मान हलवली, अगदी एवढीशी.

"काही नाही काकू," मी म्हटलं. "बाबांना ठसका लागला."

"मंग वाढ की आजून थोडी. मला तर लय गोड लागली."

मी आत जाऊन पातेलं दोनदा चाखलं, बिनमाशाचा सांबोल आणला आणि त्यांच्या ताटात वाढला. धोंडाबाईंनी घास घेतला, चघळला आणि थांबल्या.

"मघाची चव नाय हिला."

"तीच हाय," खंडेराव म्हणाले. "खा गुमान."

त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हळूच स्वतःच्या गळ्यातल्या माळेला हात लावला.