मामाचा आवाज आणि अर्धवट वाचलेला खून

मामाच्या वाचनालयाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान झालंय. भिंतभर आरसे, पांढरे झगझगीत दिवे. पण टकळी अजूनही तिथून गेली की तिला जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास येतोच. येतो म्हणजे येतो, मग आत कोणी कितीही फ्रेमा मांडून बसू दे.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंड मिटणं ठाऊक नसल्यामुळे मामानेच ठेवलेलं. आणि गंमत बघा, शाळेच्या एका सुट्टीत मामाचंच तोंड बंद झालं! घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही.

आता दुसऱ्या कुठल्या दुकानदाराचं यात फारसं अडलं नसतं. मामाचं मात्र सगळंच अडलं. कारण मामा रहस्यकथा नुसत्या द्यायचा नाही, सांगायचा. वाचक दारात आला की त्याला आधी नीट न्याहाळायचा. "झोप येत नाहीये, की झोपायचंच नाहीये?" एवढंच विचारायचा आणि कपाटातून एक पुस्तक ओढायचा. मग खालच्या आवाजात सुरुवात. एक खोली, एक खुर्ची, खुर्चीवर ओला कोट, बाहेर मात्र पावसाचा थेंब नाही... आणि बरोब्बर तिथेच पुस्तक फट्कन मिटायचा. "पुढचं घरी." माणूस पुस्तक छातीशी धरून पळत सुटायचा.

मामाचा एकच कायदा होता. शेवटी धक्का आहे, हेसुद्धा सांगायचं नाही. "धक्का आहे म्हटलं की लोक आधीच खांब धरून बसतात."

आणि आता तोच मामा स्टुलावर मुका बसलेला. हातवारे करून खून कसा सांगणार? गळ्यावरून बोट फिरवलं की लोकांना वाटायचं, बिचारा ऑपरेशनचंच सांगतोय. "काळजी घ्या हं," म्हणून रिकाम्या हाताने निघून जायचे. गर्दी पातळ होत चालली. मामा दिवसभर फाटकी पानं चिकटवत बसायचा, आणि टकळीला ते बघवत नव्हतं.

त्यात सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. दर शनिवारी एक रहस्यकथा संपवून आणायच्या आणि टेबलावर आपटून म्हणायच्या, "चाळिसाव्या पानावर कळलं." त्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली या वाचनालयात आलेली. त्या गेल्या, तर गल्लीही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"आज काही चांगलं मिळालं तर ठीक," सिस्टर म्हणाल्या, "नाहीतर मी चौकातल्या मोठ्या वाचनालयात नाव घालते. राग मानू नका."

मामाने तोंड उघडलं. टकळीने झटकन पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मामा, गप! मी सांगते."

आणि सुटलीच की! डोंगरावरचं हॉटेल, बंद पडलेला रस्ता, सात पाहुणे, जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी. सुरुवात छानच झाली होती. मामाने मानही डोलावली. पण टकळी थांबेल तर ना! "आणि सिस्टर, त्या डॉक्टरवर मात्र अजिबात संशय घेऊ नका हं. इतका गोड आहे ना तो!"

मामाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे डॉक्टरच," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "बाळ, तुझ्या तोंडापेक्षा तुझा चेहरा जास्त बोलतो."

टकळीचे कान लाल झाले. आता कुठलं द्यावं? तिने वाचलेलं प्रत्येक पुस्तक तिच्या चेहऱ्यावर छापल्यासारखं दिसणार. मग तिची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. त्यात ती कालपासून वाचत असलेलं पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं. शेवट तिलाच माहीत नव्हता! मग चेहरा काय सांगणार, कप्पाळ?

"एका बंद घराच्या पायरीवर," ती हळू आवाजात म्हणाली, "गवळी रोज सकाळी दुधाची बाटली ठेवतो. संध्याकाळी ती रिकामी असते. स्वच्छ धुतलेली. आणि त्या घरातली बाई जाऊन वर्ष झालंय."

"मग?"

"मला नाही माहीत. मी इथवरच आलेय." बोट काढताना तिच्या जिवावर आलं. "घेऊन जा."

सिस्टरांनी पिशवी पुढे करून उघडली. मग पुस्तक घेऊन गेल्या.

तो आठवडा कसा गेला ते टकळीलाच ठाऊक. घरी दुधाची पिशवी आली तरी ती दचकायची. आई म्हणाली, "या पोरीला झालंय तरी काय?"

शनिवारी सिस्टर आल्या. पुस्तक आपटलं नाही. हळूच ठेवलं.

"कळलं? कितव्या पानावर? कोण होतं?"

सिस्टरांचा चेहरा कोरा करकरीत. "वॉर्डच्या दारात नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघत उभे असायचे. डॉक्टर सांगेपर्यंत माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळू द्यायचं नसे. तू वाच. मी बसते." आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या. "मला तुझा चेहरा बघायचाय. फुकटचं नाटक कोण सोडतं?"

टकळीने पुस्तक उघडलं आणि तिचं भानच हरपलं. मामा डिंकाचा ब्रश हातात धरून तसाच बसलेला, सिस्टर टेबलावर कोपर टेकून. शेवटची काही पानं उरली आणि टकळी ओरडली, "अगं बाई!" सिस्टर खुर्चीतल्या खुर्चीत उडाल्या. "आलं! तेच पान आलं! चाळिसाव्यावर कसलं, मलाही इथेच कळलं!" मामा आवाज न करता इतका हसला की त्याला ठसका लागला.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. नवीनच. "काही वाचण्यासारखं आहे का हो?" टकळीच्या हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणाले, "हे कसं आहे?"

मामाने श्वास रोखला. सिस्टरांनीही. टकळीच्या जिभेवर सगळंच्या सगळं येऊन उभं होतं, दार ढकलत होतं. तिने ओठ गच्च मिटले. चेहरा कोरा केला, म्हणजे निदान तसा प्रयत्न तरी केला. मग खालच्या आवाजात विचारलं,

"तुमच्या घरी दूध कोण घालतं?"

"गवळी. का?"

"रोज तोच येतो?"

गृहस्थांनी जरा विचार केला. मग मागची खुर्ची चाचपून ते सावकाश खाली बसले.